जगाचं तापमान अर्धा अंश वाढलं, तर पेण तालुक्यात उन्हाच्या झळा किती वाढणार?

पेण : 'जगाचं तापमान दीड अंशावर रोखायचं', 'दोन अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही', अशा बातम्या दरवर्षी मोबाईलवर येतात. जिते, हमरापूर, खारपाडा परिसरातला शेतकरी त्या वाचतो आणि पुढे सरकवतो. त्याचा प्रश्नही रास्तच असतो. सकाळी २४ आणि दुपारी ३६ अंश, असा बारा अंशांचा फरक माणूस रोज अंगावर घेतो, मग अर्ध्या-एक अंशाचं एवढं काय घेऊन बसायचं?

पण हा अर्धा अंश रोजच्या तापमानातला नाही. तो अख्ख्या पृथ्वीच्या, जमीन आणि समुद्र मिळून, वर्षानुवर्षांच्या सरासरीतला आहे. सरासरी थोडीशी सरकली की टोकाचे दिवस, म्हणजे अंगाची लाही करणारे दिवस, कितीतरी पटीने वाढतात. रायगडसारख्या दमट जिल्ह्यात तर जीव जायला ४५ अंशांची गरज लागत नाही, ३८ अंशही पुरतात. हे आपल्या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिलं आहे.

खारघरने काय दाखवलं?

१६ एप्रिल २०२३. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. राज्यभरातून लाखो श्रीसदस्य आले होते आणि सकाळपासून दुपारपर्यंत उघड्यावर बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्या दिवशी परिसरातलं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. विदर्भातला माणूस ३८ अंशांना 'आज जरा बरं आहे' म्हणतो. मग इथे एवढा घात कसा झाला?

त्याचं उत्तर घामात आहे. माणसाचं शरीर थंड राहतं ते घाम सुकल्यामुळे. नुसता घाम येऊन उपयोग नसतो, तो वाळला पाहिजे. चंद्रपूर-नागपूरला हवा कोरडी असते, घाम झटकन उडतो आणि अंगातली उष्णता सोबत घेऊन जातो. कोकणात हवेतच पाणी भरलेलं असतं. घाम निथळतो, कपडे भिजतात, पण घाम वाळत नाही, त्यामुळे आतली उष्णता आतच राहते.

अमेरिकेच्या हवामान सेवेचा एक तक्ता जगभर वापरला जातो. तापमान आणि आर्द्रता दोन्ही धरून माणसाला प्रत्यक्षात किती उष्ण वाटतं, ते त्यात काढलेलं असतं. त्या हिशोबाने ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर शरीराला ३६-३७ अंशांसारखंच वाटतं. तेच ३८ अंश ४५ टक्के आर्द्रतेत ४५ अंशांसारखे भासतात. आणि तापमान फक्त ३४ अंशांच्या थोडं वर असलं, पण आर्द्रता ६५ टक्के असली, तरीही शरीराला तेच ४५ अंश जाणवतात. हे आकडे सावलीतले आहेत. थेट उन्हात त्यात आणखी ८ अंशांपर्यंत भर पडू शकते.

म्हणजे मोबाईलवर '३४ अंश' दिसतंय म्हणून शेतात दुपारी बारा वाजता राबणारा माणूस सुरक्षित आहे, असं मुळीच नाही.

बाहेरकाठ्याचा हिशोब

अर्ध्या अंशाचं गणित पेणच्या खारेपाटातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, ते त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फक्त तो ते पाण्याच्या बाबतीत ओळखतो.

समजा, बाहेरकाठा अशा उंचीचा आहे की वर्षातून एखाद-दुसऱ्या मोठ्या उधाणालाच पाणी त्यावरून येतं. आता खाडीची सरासरी पातळी फक्त एक वीत वाढली. रोजच्या भरती-ओहोटीत हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण पूर्वी बांधाच्या एक वीत खाली थांबणारी सगळी उधाणं आता बांधावरून येतील. वर्षातून एकदा येणारं पाणी अमावास्या-पौर्णिमेला येऊ लागेल, खांडी जातील, भातशेतीत खारं पाणी शिरेल. वाढ एका वितेचीच, पण नुकसान कित्येक पट.

तापमानाचंही तसंच आहे. माणसाचं शरीर, भाताचा फुलोरा, आंब्याची कैरी, कोंबडीची शेड या प्रत्येकाचा एक बाहेरकाठा आहे. सरासरी थोडी वर सरकली की तो ओलांडणारे दिवस एकदम वाढतात.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, ऑगस्ट २०२१ च्या अहवालात याचे जगभरातल्या जमिनीसाठीचे आकडे दिले आहेत. कारखानदारी वाढण्याआधीच्या काळात, म्हणजे १८५० ते १९०० दरम्यान, दहा वर्षांतून एकदा येणारी कडक उष्णता धरली तर

- जग १ अंशाने तापलं असताना ती दहा वर्षांत सुमारे तीन वेळा येते.
- दीड अंशाला सुमारे चार वेळा.
- दोन अंशांना पाच ते सहा वेळा.
- चार अंशांना नऊपेक्षा जास्त वेळा, म्हणजे जवळपास दरवर्षी.

पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या भयंकर उष्णतेचे आकडे आणखी बोलके आहेत. पूर्वी आजोबांच्या आयुष्यात एकदा-दोनदा दिसणारी ही उष्णता दीड अंशाला जवळपास नऊ पट आणि दोन अंशांना जवळपास चौदा पट वेळा येते. दीड आणि दोन यांच्यातला अर्धा अंश तो हाच.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या टोकाच्या दिवसाची उष्णताही जगाच्या सरासरीपेक्षा जास्त वाढते. जग दोन अंशांनी तापलं, तर दहा वर्षांतून एकदा येणारी उष्णता सुमारे २.६ अंशांनी वाढलेली असते. समुद्र हळू तापतो, जमीन लवकर तापते. सरासरीत समुद्राचा वाटा मोठा असल्याने ती कमी दिसते, पण माणूस राहतो जमिनीवर.

'पूर्वीही ऊन होतंच की!'

हा मुद्दा पारावर हमखास निघतो आणि तो खोटा नाही. मुंबईत सांताक्रूझला एप्रिल महिन्यातलं सर्वांत जास्त तापमान १४ एप्रिल १९५२ रोजी नोंदलं गेलं, ४२.२ अंश. सत्तर वर्षं उलटली तरी तो विक्रम मोडलेला नाही. मग तापमानवाढ कुठे आहे?

उत्तर असं की एक विक्रम म्हणजे हवामान नव्हे. कोकणात कडक ऊन कधी पडतं, ते वाऱ्यावर ठरतं. एरवी उन्हाळ्यात सकाळी उशिरा समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि तापमान धरून ठेवतो. पण काही दिवस पूर्वेकडून, घाटावरून कोरडे वारे जोर धरतात. मग खारा वारा दुपारपर्यंत अडून राहतो आणि तोवर जमीन तापून जाते. घाटावरची हवा खाली उतरताना दाबली जाऊन आणखी गरम होते. कोरडी हवा दर १०० मीटर उतरताना सुमारे १ अंशाने तापते. म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याची गावं समुद्रकाठच्या गावांपेक्षा जास्त भाजतात.

आपल्या जिल्ह्यातलं भिरा हे त्याचं ठळक उदाहरण. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला, टाटांच्या जलविद्युत केंद्राच्या या गावात मार्च २०१७ च्या अखेरीला ४६.५ अंशांची नोंद झाली आणि देशभर चर्चा झाली. एवढ्या मोठ्या नोंदीसाठी एकाच ठिकाणच्या यंत्रावर किती विसंबायचं, हा प्रश्न विचारता येईल. पण पायथ्याच्या पट्ट्यात हवा किनाऱ्यापेक्षा जास्त तापते, याबद्दल दुमत नाही.

हे पूर्वेचे वारे १९५२ मध्येही होते, आजही आहेत. बदललं ते वाऱ्याच्या खालचं जोतं. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला, तो पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झाला होता. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान १९५१ ते २०१५ दरम्यान सुमारे १ अंशाने वाढलं. समुद्र तापला की खारा वाराही पूर्वीइतका थंड राहत नाही आणि येताना जास्त बाष्प घेऊन येतो. हवा १ अंशाने गरम झाली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. कोकणाला दुहेरी मार बसतो तो असा.

शिवाय ऊन आता वेळेआधी येऊ लागलंय. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई, ठाणे आणि रायगडला महिन्यात दोनदा उष्णतेच्या लाटेचे इशारे आले. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीला तर थंडीच्या महिन्यातच कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. फेब्रुवारीत शरीर उन्हाला सरावलेलं नसतं. ज्या उन्हाला मे महिन्यात माणूस तोंड देतो, त्याच उन्हाने फेब्रुवारीत चक्कर येते.

खारघरच्या आठवड्याचा अभ्यास

एप्रिल २०२३ च्या त्याच आठवड्यात देशाच्या मोठ्या भागात आणि बांगलादेशात दमट उष्णता पसरली होती. 'वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन' या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तिचा अभ्यास केला. माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे भारत-बांगलादेशात अशी दमट उष्णता येण्याची शक्यता किमान ३० पटीने वाढली, असा त्यांचा निष्कर्ष होता. पूर्वी शंभर वर्षांतून एकदाही क्वचितच येणारी ही स्थिती आता साधारण पाच वर्षांतून एकदा येऊ शकते. जग दोन अंशांनी तापलं, तर ती किमान दर दोन वर्षांनी येईल.

हा अभ्यास मोठ्या भूभागाचा आहे, फक्त रायगडचा नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. आज पाच वर्षांतून एकदा येणारी गोष्ट उद्या एक वर्षाआड येणार असेल, तर तिला 'दुर्दैवी अपघात' म्हणून चालणार नाही. ती दर उन्हाळ्याच्या नियोजनाचा भाग झाली पाहिजे.

इशाऱ्याचा आकडा आणि जिते

हवामान खात्याच्या निकषांनुसार किनारी भागात कमाल तापमान ३७ अंश किंवा जास्त आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर गेलं, की उष्णतेची लाट समजतात. मैदानी भागासाठी हा आकडा ४० अंश आहे. कोकणासाठी वेगळा आकडा ठेवला, हे योग्यच झालं.

अडचण तरीही राहते. ३४-३५ अंश आणि प्रचंड दमट हवा असा दिवस या व्याख्येत बसत नाही. शरीराला मात्र तो तितकाच घातक असतो. अशा दिवसांसाठी खातं 'उष्ण व दमट हवामान' असा वेगळा इशारा देतं, बहुधा पिवळ्या रंगात. पिवळा रंग पाहून कुणी घाबरत नाही. 'लाट नाही ना, मग ठीक आहे' असं म्हणून माणूस कामाला लागतो. कोकणात 'उष्ण व दमट' हे शब्द दिसले की लाटेइतकीच काळजी घ्यायला हवी, ही समज गावात रुजलेली नाही.

दुसरी अडचण जागेची. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपटा आणि हमरापूरच्या मधलं जिते अलिबागसारखं थेट समुद्रावर नाही आणि भिऱ्यासारखं सह्याद्रीच्या कुशीतही नाही. खाडीचा दमटपणाही इथे पोचतो आणि पूर्वेच्या वाऱ्याची झळही. मोबाईलवर दिसणारं तापमान बहुतेक वेळा दूरच्या केंद्रावरून किंवा संगणकाच्या अंदाजावरून घेतलेलं असतं. राज्यात 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत आणि त्यांत पावसासोबत तापमान आणि आर्द्रताही नोंदली जाते. पण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हे आकडे क्वचितच दिसतात. उन्हाळ्यात आर्द्रतेसह रोजचा आकडा गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर आला, तर त्याला खर्च शून्य आहे.

भार कुणाच्या अंगावर?

कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्याला दोन अंश जास्त म्हणजे फक्त बेचैनी. पण आपल्या तालुक्यातली बहुतेक कामं उन्हातली आहेत.

मार्च ते मे म्हणजे राब भाजण्याचे, बांध घालण्याचे, आंबा उतरवण्याचे दिवस. राब भाजताना वरून सूर्य आणि समोरून जाळ. वीटभट्टीवर कातकरी कुटुंबं भर उन्हाळ्यात पोराबाळांसकट राबतात. हमरापूर-जोहे परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांचा हंगामही उन्हाळ्यातच भरात असतो. पत्र्याच्या नाहीतर प्लास्टिकच्या छपराखाली हवा खेळत नाही. महामार्गाच्या कामावरचे मजूर डांबराच्या गरम वाफेत उभे असतात. यांतल्या बहुतेकांना रोजावर किंवा नगावर पैसे मिळतात. दुपारी थांबलं की मजुरी बुडते. त्यामुळे 'दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका' हा सल्ला त्यांच्यासाठी फक्त कागदावर राहतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये याचा हिशोब मांडला. जगाची तापमानवाढ शतकाच्या अखेरीपर्यंत दीड अंशावर रोखली गेली असं धरूनही २०३० मध्ये भारतातले ५.८ टक्के कामाचे तास उष्णतेने वाया जातील, असा त्यांचा अंदाज आहे. ते सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतकं नुकसान. त्यात सर्वांत मोठा वाटा शेती आणि बांधकाम मजुरांचा. म्हणजे दीड अंश हीसुद्धा 'सुरक्षित' रेषा नाही, ती फक्त दोन अंशांपेक्षा बरी आहे.

रात्रीचा विषय तर बोललाच जात नाही. दिवसभर तापलेलं शरीर रात्री थंड व्हायला हवं. पूर्वीच्या कौलारू घरात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, ते होत असे. आता स्लॅब आणि पत्रा दिवसभर ऊन पितात आणि रात्री खोलीत सोडतात. त्यात भारनियमन झालं की संपलंच. सलग चार-पाच रात्री झोप नसेल, तर म्हातारी माणसं, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण, गरोदर बाया आणि तान्ही मुलं सगळ्यांत आधी खचतात. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या त्याच अहवालानुसार, प्रदूषण भरमसाट वाढत राहिलं तर शतकाच्या अखेरीपर्यंत देशात उष्ण दिवस सुमारे ५५ टक्क्यांनी आणि उष्ण रात्री सुमारे ७० टक्क्यांनी वाढतील. दिवसांपेक्षा रात्री जास्त, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

भात, आंबा आणि पाणी

भाताचा फुलोरा हा नाजूक काळ. फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेलं, तर परागीकरण बिघडतं आणि लोंबीत पळिंज वाढतं. आपल्याकडे हळवे, निमगरवे, गरवे अशा वाणांनुसार फुलोरा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, म्हणजे ऑक्टोबर हीटच्या तोंडावर. रात्रीच्या उष्णतेचाही भाताला फटका बसतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरच्या २००४ मधल्या अभ्यासात, रात्रीचं तापमान १ अंशाने वाढलं की उन्हाळी हंगामातलं भाताचं उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तिथला आकडा इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण वाण आणि पेरणीची तारीख निवडताना कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा सल्ला घ्यायला हे कारण पुरेसं आहे.

आंब्यात जास्त उष्णतेने लहान कैऱ्या गळतात, फळ उन्हाने भाजतं आणि साक्याचं प्रमाण वाढतं. वरून फळ देखणं आणि आत पांढरट, आंबूस गर. बागायतदाराचा भाव तिथेच पडतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात जादा तापमान हाही धोका धरलेला आहे. भरपाई मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, त्यामुळे ते केंद्र नीट चालतंय का, त्याच्याभोवती झाडं-भिंती झाल्यात का, याकडे बागायतदारांनीच लक्ष ठेवायला हवं.

पाण्याचं दुखणं वेगळं सांगायला नको. तालुक्यात हेटवणे धरण आहे, त्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं आणि खारेपाटातली गावं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. उष्माघाताच्या पत्रकात पहिला सल्ला असतो, 'भरपूर पाणी प्या'. ज्या बाईला दोन हंड्यांसाठी उन्हात रांग लावावी लागते, तिला हा सल्ला देऊन काय उपयोग? उन्हाळ्यातला पाणीपुरवठा म्हणूनच आरोग्याचाही प्रश्न आहे. टँकर दुपारी एक वाजता न येता सकाळी किंवा संध्याकाळी यावा, एवढी मागणी तरी ग्रामपंचायत करू शकते.

जग कुठे उभं आहे?

डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस करारात देशांनी ठरवलं की वाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशासाठी प्रयत्न करायचे. जागतिक हवामान संघटनेनुसार २०२४ हे नोंदींच्या इतिहासातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. त्या वर्षी वाढ सुमारे १.५५ अंश होती. एका वर्षात रेषा ओलांडली म्हणजे करार मोडला असं होत नाही, कारण दीड अंश हा अनेक वर्षांच्या सरासरीचा आकडा आहे. पण ती सरासरीही आता फार दूर नाही. देशांची आजची धोरणं तशीच चालू राहिली, तर शतकाच्या अखेरीला वाढ तीन अंशांच्या आसपास जाईल, असं संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम सांगतो.

यात जिते गावाचा दोष किती? जवळपास नाहीच. एक अमेरिकन माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतीय माणूस सुमारे २ टन. वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाचा वाटा त्याहून किती तरी कमी. ज्यांनी कमी जाळलं, ते जास्त भाजणार, हा अन्याय आहे आणि तो जागतिक परिषदांमध्ये भारताने मांडलाही आहे. पण न्याय मिळेपर्यंत एप्रिल थांबणार नाही.

गावाच्या हातात काय आहे?

मे २०१० मधल्या उष्णतेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक जास्तीचे मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या महापालिकेने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. आधीच इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, छपरांना पांढरा रंग, असं साधंच सगळं. पण तो कोरड्या शहराचा आराखडा. कोकणातल्या ग्रामपंचायतीला स्वतःचा हवा, ज्यात आकडा आर्द्रतेसह धरलेला असेल.

खारघरनंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असं जाहीर केलं होतं. सरकारी कार्यक्रमांबद्दल प्रश्न विचारताना गावाने स्वतःकडेही पाहायला हवं. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. हळद रात्री होते, ते ठीक. पण भर दुपारचा मुहूर्त, बंदिस्त मंडप, डीजेपुढे नाचणारी पोरं आणि हजार माणसांची पंगत, यात म्हातारी माणसं नेहमीच अडकतात. गोरज मुहूर्त धरला तर धर्म बुडत नाही. क्रिकेटच्या स्पर्धा रात्री प्रकाशझोतात होऊ शकतात, तर दुपारचे सामने टाळता येतील.

ग्रामसभेत पुढच्या गोष्टी ठरवता येण्यासारख्या आहेत.

- रोजगार हमी, वीटभट्टी, कारखाना आणि शेतमजुरीच्या वेळा सकाळी लवकर आणि दुपारी चारनंतर. मजुरी न कापता दुपारची सुट्टी.
- कामाच्या जागी पिण्याचं पाणी आणि सावलीचं छप्पर ही मालकाची जबाबदारी.
- अंगणवाडी, शाळा आणि पत्र्याच्या घरांवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात.
- एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी आणि इशाऱ्याच्या दिवशी आशाताई किंवा शेजाऱ्यांकडून दोन वेळा विचारपूस.
- जवळच्या आरोग्य केंद्रात ओआरएस, बर्फ आणि पंख्याची सोय आहे का, याची मार्चमध्येच खातरजमा.

उष्माघात ओळखा, वेळ घालवू नका

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे ही सुरुवात असते. तेव्हाच सावलीत या आणि पाणी, ताक, कोकम सरबत किंवा ओआरएस घोटघोट घ्या. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवा.

माणूस बरळू लागला, ओळखेनासा झाला, अंग चटका बसेल इतकं तापलं, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. घाम थांबलेला असेलच असं नाही. राबणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मान, काख आणि जांघेत ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही. अंग लवकर थंड करणं हाच पहिला उपचार आहे आणि दवाखान्यात पोचेपर्यंतची मिनिटंच जीव वाचवतात.

जग दीड अंशावर थांबणार की दोन-तीन अंशांवर, याचा निर्णय पेण तालुक्यात होणार नाही. पण पुढच्या एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता कुणाला उन्हात उभं करायचं आणि कुणाला नाही, हे गावातच ठरणार आहे. उधाण येणार हे कळल्यावर बाहेरकाठा बांधायला सरकारी माणसाची वाट न पाहणाऱ्या या पट्ट्याला, उन्हासाठीचा बांधही वेळेआधीच घालावा लागेल.